रॉय बीन 'फाशी देणारा न्यायाधीश' नव्हता

टेक्सासच्या वाळवंटात दारूच्या गुत्त्यातच कोर्ट भरवून रॉय बीन माणसांना फासावर चढवायचा, ही गोष्ट शंभर वर्षांहून अधिक काळ सांगितली जाते. ती चुकीची आहे.

गुत्ता खरा, कोर्टही खरं. पण 1882 साली पेकोस काउंटीत बीनची नेमणूक झाली ती 'जस्टिस ऑफ द पीस' म्हणून, म्हणजे न्यायव्यवस्थेच्या सगळ्यात खालच्या पायरीवर. 1876 च्या टेक्सास राज्यघटनेनुसार या पदाला जास्तीत जास्त 200 डॉलर दंडाचीच प्रकरणं चालवता येत. खुनाचा खटला जिल्हा न्यायालयात जाई, मृत्युदंड तिथेच.

मग बीनकडे होतं काय? मारामाऱ्या, लग्नं लावणं, मृतदेहांचे पंचनामे. रेल्वेमार्गाचं काम सुरू होतं, मजुरांच्या छावण्या पडल्या होत्या आणि सर्वात जवळचं कोर्ट फार लांब फोर्ट स्टॉक्टनला. एवढ्यासाठीच ही नेमणूक झाली. दंड तो मनमानी करायचा, हे मात्र नाकारता येत नाही.

'हँगिंग जज' हे बिरुद खरं तर आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथच्या आयझॅक पार्करचं. तो संघराज्याचा न्यायाधीश. त्याने 160 जणांना मृत्युदंड सुनावला, 79 जणांना फाशी झाली. त्याच्यावरही थोडा अन्यायच होतो, कारण खुनाला मृत्युदंड कायद्यानेच सक्तीचा होता.