जागा बदलण्याचे २० गुण

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, राहती जागा बदलण्याला अवघे २०. वृद्धाश्रमात आलेल्या माणसाला ही मोजपट्टी लावली की तिचे तोकडेपण लगेच दिसते. जागेबरोबर झोपेच्या सवयी (१६), जेवणाच्या सवयी (१५) आणि करमणूकही (१९) एका दिवसात बदलते. अनेकदा १०० गुणांची घटना त्याआधीच घडून गेलेली असते. शिवाय जायचे कोणी ठरवले, हा प्रश्न त्या यादीत नाहीच.

तो प्रश्न संस्थांच्या अभ्यासातून पुढे आला. १९६१ मध्ये समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी एकाच छपराखाली, एकाच वेळापत्रकावर चालणाऱ्या संस्था माणसाचे ‘मीपण’ कसे खरवडून काढतात ते मांडले. पुढच्याच वर्षी पीटर टाउनसेंड यांनी इंग्लंड-वेल्समधल्या १७३ निवासी संस्थांची पाहणी प्रसिद्ध केली: एकांत नाही, हाताला काम नाही, गोतावळा तुटलेला.

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांची १९८४ची मांडणी आजही वापरात आहे. त्यांच्या मते ताण नुसत्या घटनेत नसतो. ‘यात माझे काय पणाला लागले आहे, आणि मला हे झेपेल का’ या हिशेबात असतो. त्याला तोंड देण्याचे मार्ग दोन: परिस्थिती बदलणे किंवा मनाला सावरणे. वृद्धाश्रमात पहिला मार्ग बहुधा बंद असतो, कारण आंघोळीची वेळ, जेवणाची वेळ, खोलीतला सोबती, सगळे दुसऱ्याने ठरवलेले. म्हणून ‘छान रुळले’ असा शेरा जपूनच मारावा; दुसरा पर्यायच नव्हता, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

पहिला मार्ग थोडा उघडला तर? एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये कनेटिकटमधल्या एका संस्थेत ९१ जणांवर हे पाहिले. एका मजल्यावरच्यांना रोप निवडून त्याची निगा स्वतः राखायला सांगितले; दुसऱ्या मजल्यावर रोपे देऊन पाणी कर्मचाऱ्यांनी घातले. पहिला गट अधिक उत्साही दिसला. १८ महिन्यांनी मृत्यूंचे प्रमाण १५ टक्के विरुद्ध ३० टक्के निघाले. हा आकडा फार मिरवला जातो. मात्र फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर काठावरचाच आहे, म्हणजे तो योगायोगही असू शकतो, अशी दुरुस्ती नंतर छापावी लागली.

त्याच वर्षी रिचर्ड शुल्झ यांनी ४० निवासींकडे विद्यार्थी भेटीला पाठवले. भेट कधी आणि किती वेळ हे काहींनी स्वतः ठरवले, काहींना वेळ आधी कळवली, काहींकडे विद्यार्थी अचानक आले, उरलेल्यांकडे कोणीच गेले नाही. पहिले दोन गट सुधारले. प्रयोग संपला, भेटी थांबल्या. पुढच्या तपासणीत सर्वांत जास्त घसरले ते हेच दोन गट.