पाकाची साखर झाली? होऊ दे की

परवा रात्री भाचीचा फोन आला, आवाज अगदी रडवेला, "ए मावशी, सगळं बिघडलं गं, पाकाची साखर झाली!" साखरेतले शेंगदाणे करत होती, दोन वाट्या कच्चे दाणे सालासकट, एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, सगळं एकदमच कढईत. दहा मिनिटं छान बुडबुडत होतं आणि मग म्हणे अर्ध्या मिनिटात पाक गायब, कढईत नुसती पांढरी वाळू आणि त्यात भुरकटलेले दाणे. ती ओतून द्यायच्याच बेतात होती. म्हटलं थांब, गॅस बारीक कर आणि हलवत रहा, हे बिघडलेलं नाहीये, हे असंच व्हायला हवं.

आता ही वाळू येते कुठून ते बघू. साध्या गार पाण्यात साखर विरघळते ती किती, तर 100 ग्रॅम पाण्यात साधारण 200 ग्रॅम. तेच पाणी उकळतं असलं की पावणेपाचशेच्या वर मावते. पाक उकळत ठेवला की पाणी वाफ होऊन जातं, साखर कुठे जात नाही, म्हणून पाक दाट होतो आणि जितका दाट तितका तो जास्त टेम्परेचरला उकळतो. आपल्या आज्या बोटांत धरून जी तार बघायच्या ना, ते खरं म्हणजे थर्मामीटरचंच काम. एकतारी पाक साधारण 105 डिग्रीच्या आसपास, पाण्यात टाकून मऊ गोळी वळते तो 115 च्या जवळ आणि त्यात पाणी उरलेलं असतं जेमतेम 15 टक्के. (थर्मामीटर वापरणाऱ्या पुणेकरांनी आकडे दोनेक डिग्रीने कमी धरावेत, आपल्याकडे पाणीच 98 ला उकळतं. महाबळेश्वरला तर अजून आधी.)

तर एवढ्याशा पाण्यात एवढी साखर म्हणजे सहा सीटच्या वडापमध्ये चौदा माणसं. कोंबून बसलीयेत, पण कोणीतरी आधी उतरलं की सगळी भराभर उतरतात. साखरेच्या रेणूंचं तसंच, कुठेतरी एक बारीकसा क्रिस्टल तयार झाला की बाकीचे त्याला चिकटून रांगेत बसायला लागतात. आणि त्या पहिल्या क्रिस्टलला निमित्त काहीही चालतं, कढईच्या कडेला सुकलेला साखरेचा कण, उलथन्याचा धक्का, शेंगदाण्याचं खरबरीत साल. भाची सतत ढवळत होती म्हणजे निमित्तच निमित्त, त्यामुळे ढीगभर क्रिस्टल एकदम जन्माला आले आणि सगळे बारीकच राहिले. त्या क्षणी कढईतनं एकदम वाफ येते ते कधी बघितलंय का? क्रिस्टल बनताना उष्णता बाहेर पडते आणि उरलंसुरलं पाणी उडून जातं, म्हणून ते इतकं अचानक कोरडं होतं. बालुशाहीवर किंवा पाकातल्या चिरोट्यांवर जो पांढरा थर धरतो तोही हाच प्रकार, फक्त तिथे कोणी घाबरत नाही.

इथे थांबलात तर पांढरे रवाळ दाणे मिळतात, तेही चांगले लागतात. पण खरी मजा पुढे आहे. बारीक गॅसवर हलवत राहिलं की तळाची वाळू पुन्हा वितळायला लागते, आता पाण्यात नाही, नुसत्या उष्णतेने, तळाचं टेम्परेचर 160 च्या पुढे गेलेलं असतं, साखर तुटून तिचा सोनेरी कॅरमल व्हायला लागतो आणि दाणेही आतनं भाजले जातात. अर्धी वाळू वितळली, दाण्यांवर तपकिरी चकाकी आली आणि वर थोडी खरखर उरली की चिमूटभर मीठ भुरभुरायचं आणि ताटात पसरायचं. फ्रान्समध्ये बदामाचं प्रालीन म्हणतात ते हेच. फक्त चव बघायला बोट घालू नका हो, उकळत्या पाण्यापेक्षा हे कितीतरी गरम आणि वर कातडीला चिकटून बसतं.

चिक्कीत मात्र नेमकं उलटं करायचं असतं. तिथे क्रिस्टल नकोच, तिथे हवी काच. पाक 150 पर्यंत नेला की पाणी टक्काभरच राहतं, तो इतका घट्ट असतो की पटकन थंड केल्यावर रेणूंना रांग लावायला वेळच मिळत नाही, आहे तिथेच थिजतात, म्हणून ती कटकन मोडते. गूळ या कामाला बरा कारण त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आधीच असतात, हे दोघं साखरेच्या रांगेत घुसतात आणि रांग लागू देत नाहीत. पाकात लिंबू पिळतात तेही याचसाठी, आंबटामुळे थोडी साखर तुटून हेच दोन तयार होतात. म्हणून साखरेतल्या दाण्यांत लिंबू घालू नका, वाट बघत बसाल, वाळू येणारच नाही. आणि पावसाळ्यात चिक्की चिकट होते कारण त्या काचेला हवेतलं पाणी फार आवडतं, थोडं शिरलं की ती मऊ पडते.

आणि या सगळ्यात सगळ्यात चिवट काम संक्रांतीच्या काटेरी हलव्याचं. परात मंद आचेवर, त्यात तीळ, खसखस नाहीतर काजू-शेंगदाणे, वरून चमचाभर पाक आणि बोटांनी हलकं हलकं फिरवायचं, सुकला की पुढचा चमचा, असं चार-पाच दिवस. शेंगदाण्याला अर्ध्या मिनिटात जे झालं तेच इथे थरावर थर. काटा कसा येतो तर जरासं वर आलेलं टोक पाकाला आधी लागतं, तिथला पाक आधी सुकतो, टोक अजून वर येतं, मग अजून आधी लागतं. थंडीतली कोरडी हवा हवी ती म्हणूनच, दमट दिवशी पाक सुकायच्या आत पसरतो आणि हलवा गुळगुळीत होतो. जपानमध्ये अगदी असाच काटेरी दाणा असतो, कोनपेइतो, 16व्या शतकात पोर्तुगीजांनी नेलेल्या मिठाईतनं आलेला, आणि तो असा काटेरी का होतो या प्रश्नाने तोराहिको तेरादा नावाच्या भौतिकशास्त्रज्ञालाही चांगलंच गुंतवलं होतं. आमच्या आईला हे सांगितलं तर म्हणाली, त्यात काय कोडं, हात हलका हवा.

भाचीचे दाणे झाले शेवटी, फोटो आला, थोडे काळपट पण कुरकुरीत. मग पुढचा प्रश्न, "मावशी, कढईला खडक चिकटलाय, काथ्याने घासू?" म्हटलं अजिबात नको, साखरच आहे ती, भांडंभर पाणी घालून उकळ, पाच मिनिटांत आपोआप सुटेल. तर म्हणते, ते पाणी तपकिरी आणि मस्त गोड झालंय, त्यातच चहा टाकू का?