आकड्यांतला ‘दादा’ आणि अक्षरांतला ‘दादा’

० ते ९ आणि पुढे ए ते एफ हे हेक्साडेसिमलचे, म्हणजे सोळाच्या पायावर मोजायच्या पद्धतीचे, सोळा अंक. असे दोन अंक मिळून एक बाइट होतो. त्यातल्या रोमन अक्षरांनी शब्द जुळवून फाइलीत किंवा मेमरीत पटकन ओळखू यावा असा खुणेचा आकडा बनवतात, त्याला हेक्सस्पीक म्हणतात. इथवर सगळ्यांना माहीत असतं. ‘दादा’, ‘बाबा’, ‘आबा’ जमतात. ‘काका’ जमत नाही, ‘कोल्हापूर’ तर नाहीच. शून्याला ओ आणि पाचाला एस मानून शब्द ताणणाऱ्यांनी कृपा करून थांबावं, डीबग करताना, म्हणजे प्रोग्राममधली चूक शोधताना, ते वाचता येत नाहीत.

खरा घोळ पुढं आहे. कॉलेजच्या लॅबपासून प्रोजेक्ट रिपोर्टपर्यंत एकच वाक्य फिरतं: ‘जावाच्या क्लास फाइलच्या (कंपाइल केलेल्या प्रोग्रामच्या फाइलच्या) सुरुवातीला कॅफेबेब असं लिहिलेलं असतं.’ लिहिलेलं नसतं, भावांनो! तिथं चार बाइट्सचा एक आकडा असतो: सीए, एफई, बीए, बीई. तीच आठ अक्षरं मजकूर म्हणून लिहिली असती तर प्रत्येक अक्षराच्या ठरलेल्या कोडाचा एक, असे आठ बाइट्स लागले असते: ४३ ४१ ४६ ४५ ४२ ४१ ४२ ४५. म्हणून ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘कॅफेबेब’ची इंग्रजी अक्षरं शोधली तर सुरुवातीची ती खूण कधीच सापडत नाही.

आपलाच शब्द घ्या. हेक्सस्पीकमधला ‘दादा’ म्हणजे डीए डीए, दोन बाइट्स. रोमन अक्षरांतला ‘दादा’ म्हणजे ४४ ४१ ४४ ४१, चार बाइट्स. देवनागरीतला ‘दादा’ यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, बारा बाइट्स घेतो, कारण ‘द’ म्हणजे ई० ए४ ए६ आणि काना म्हणजे ई० ए४ बीई. वाचताना तिन्ही सारखे, पण कॉम्प्युटरच्या लेखी तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

ओळखायचं कसं? हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट्स दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, डावीकडे बाइट्सचे आकडे आणि उजवीकडे त्यांची अक्षरं दिसतात. शब्द डावीकडे वाचता आला तर हेक्सस्पीक, उजवीकडे वाचता आला तर मजकूर. झिप फाइलच्या सुरुवातीला ५० ४बी असतं आणि उजवीकडे ‘पीके’ ही झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं दिसतात. तो मजकूर आहे, हेक्सस्पीक नाही. क्लास फाइलच्या पहिल्या चार बाइट्ससमोर उजवीकडे बहुतेक वेळा नुसती टिंबं येतात.

हा फरक नुसता परीक्षेपुरता नाही. मजकूर मेमरीत लिहिलेल्या क्रमानंच बसतो. आकडा मात्र इंटेलच्या प्रोसेसरवर उलटा बसतो, शेवटचा बाइट आधी. डीएडीए-बीएबीए म्हणजे ‘दादाबाबा’ हा ३२ बिटांचा आकडा साठवला की मेमरीत बीए बीए डीए डीए असं दिसतं, म्हणजे ‘बाबादादा’. दोन्ही बरोबरच वाटतात, त्यामुळं क्रम उलटलाय हे लक्षातच येत नाही. ‘दादादादा’ त्याहून वाईट, कारण तो उलटून तसाच राहतो. खुणेचा शब्द उलटल्यावर निरर्थक दिसणारा हवा. ‘डेडबीफ’ (डीई एडी बीई ईएफ) म्हणूनच चांगला: मेमरीत तो ईएफ बीई एडी डीई असा दिसतो आणि लगेच नजरेत भरतो.

 

या उलट क्रमात सगळ्यात जास्त फसवते ती फाइलचे बाइट्स छापणारी लिनक्सची हेक्सडंप कमांड. काही पर्याय न देता चालवली तर ती दोन-दोन बाइट्स एकत्र करून आकडा म्हणून छापते. इंटेलच्या मशीनवर क्लास फाइल दाखवली की ‘एफईसीए बीईबीए’ येतं आणि मुलं फाइल करप्ट झाली म्हणून परत कंपाइल करत बसतात. फाइल नीट असते. कॅपिटल सीचा पर्याय द्या, किंवा सरळ एक्सएक्सडी ही दुसरी कमांड वापरा. ती बाइट्स फाइलमधल्या क्रमानंच दाखवते. पहिल्या ओळीत सीए एफई बीए बीई आणि त्यापुढं ०० ०० ०० ३४ दिसलं तर ती जावा ८ साठी कंपाइल केलेली फाइल आहे: ३४ हेक्स म्हणजे ५२, आणि ५२ हा जावा ८ च्या क्लास फाइलचा आवृत्ती क्रमांक.