क्षीण आकुंचनाचे अतिक्रियाशील मूत्राशय

वृद्धांमधील मूत्र-असंयमाचा, म्हणजे लघवीवरील ताबा सुटण्याचा, एक प्रकार. वैद्यकीय व्यवहारात तो ‘डीएचआयसी’ (डिट्रूसर हायपरअ‍ॅक्टिव्हिटी विथ इम्पेअर्ड कॉन्ट्रॅक्टिलिटी) या आद्याक्षरांनी ओळखला जातो. यात मूत्राशयाच्या भिंतीतील डिट्रूसर स्नायू नको त्या वेळी आपोआप आकुंचन पावतो. पण ते आकुंचन इतके दुबळे असते, की मूत्राशय रिकामे होत नाही. रुग्णाला एकाएकी घाई होते, शौचालय गाठण्याआधीच कपडे ओले होतात आणि तरीही बरीच लघवी आत तुंबून राहते.

हा प्रकार प्रथम कोणी ओळखला, याचे उत्तर ‘ओळखणे’ कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. म्हाताऱ्यांच्या मूत्राशयाची पद्धतशीर तपासणी ब्रिटनमध्ये आधीच सुरू झाली होती. जॉन ब्रॉकलहर्स्ट यांचा वृद्धांच्या मूत्र-असंयमावरील ग्रंथ 1951 चा; ब्रॉकलहर्स्ट व डिलेन यांनी वृद्ध स्त्रियांच्या मूत्राशयातील दाबाची मोजमापे 1966 मध्ये प्रसिद्ध केली. त्या परंपरेत आपोआप होणाऱ्या आकुंचनांचा उगम मुख्यतः मेंदूचा लगाम सैल होण्यात शोधला जाई; स्नायूच्या ताकदीकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. अमेरिकन वार्धक्यवैद्यक नील रेझनिक आणि मूत्ररोगतज्ज्ञ सुब्बाराव यल्ला यांनी 1987 मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेच्या संस्थेत राहणाऱ्या 32 असंयमी वृद्धांचा अभ्यास मांडला. अतिक्रियाशील मूत्राशयाचे दोन गट पडतात, एकात आकुंचनक्षमता शाबूत असते व दुसऱ्यात ती खालावलेली असते, असे त्यांनी दाखवले. दुसऱ्या गटातील मूत्राशय आपोआप आकुंचन पावूनही जेमतेम एक-तृतीयांश लघवी बाहेर टाकत होते. वेगळे नाव आणि मोजता येणारे निकष याच अभ्यासाने दिले, म्हणून संकल्पनेचे श्रेय या दोघांना देणे रास्त ठरते.

याच गटाने 1989 मध्ये सरासरी 89 वर्षे वयाच्या 94 संस्थावासी रुग्णांची मूत्रगतिकीय (मूत्राशयातील दाब व लघवीचा प्रवाह मोजणारी) तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी 61 टक्क्यांमध्ये अतिक्रियाशीलता हे प्रमुख कारण होते आणि अशांपैकी निम्म्यांची आकुंचनक्षमता क्षीण होती. 35 टक्के रुग्णांत एकाहून अधिक संभाव्य कारणे आढळली. ‘वयच झाले’ या सबबीखाली विषय मिटवणे त्यानंतर अवघड झाले.

स्नायूत नेमके काय बिघडते हा यातला सर्वांत वादाचा भाग. अहमद एल्बदावी यांनी यल्ला व रेझनिक यांच्यासह 1993 मध्ये मूत्राशयाच्या ऊतींचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालील वर्णन लेखमालेतून मांडले. अतिक्रियाशील मूत्राशयात स्नायुपेशींमधील नेहमीचे सांधे तुटलेले, पेशींमधील अंतर वाढलेले आणि त्याऐवजी एका पेशीचा फुगवटा दुसरीला भिडणारे निराळे सांधे वाढलेले दिसले. या वाटेने विद्युत्-उत्तेजन पेशीपेशींतून पसरत असावे, असा त्यांचा तर्क. क्षीण मूत्राशयात स्नायुपेशी व चेतातंतू यांचा व्यापक ऱ्हास आढळला. डीएचआयसीमध्ये दोन्ही खुणा एकत्र होत्या. नमुने थोडे होते, आणि पुढील अभ्यासांत इतकी स्वच्छ विभागणी सर्वत्र मिळाली नाही. काहींच्या मते वर्षानुवर्षे अतिक्रियाशील राहिलेला स्नायू अखेर थकतो व डीएचआयसी ही त्याची उत्तरावस्था असते. इतरांच्या मते दोन स्वतंत्र प्रक्रिया एकाच मूत्राशयात भेटतात. दोन्ही खुणा सुट्यासुट्याही सापडतात, हे पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. मेंदूची बाजूही निकालात निघालेली नाही : डेरेक ग्रिफिथ्स यांनी आधी कॅनडात एडमंटन येथे आणि नंतर पिट्सबर्ग येथे रेझनिक यांच्यासह केलेल्या प्रतिमाचित्रणाने मेंदूच्या अग्रखंडाकडे पुन्हा लक्ष वेधले.

निदानात हा विकार बहुरूप्यासारखा वागतो. खोकल्याने दुबळे आकुंचन सुरू झाले, तर त्याचा दाब कमी असल्याने ते नजरेतून निसटते आणि ताणजन्य असंयमाचा (खोकताना वा शिंकताना पोटावर दाब येऊन लघवी गळण्याचा) समज होतो. पुरुषांत दोष अष्ठीला ग्रंथीवर (प्रोस्टेटवर) येतो. लघवी करून झाल्यावर आत उरलेले मूत्र सोनोग्राफीने मोजणे ही म्हणूनच पहिली पायरी. ते न मोजता घाई शमवणारी अँटिकोलिनर्जिक औषधे दिल्यास आधीच अशक्त असलेला स्नायू आणखी ढिला पडून लघवी पूर्ण तुंबू शकते.

तात्पुरती कारणे त्याआधी वगळावी लागतात. त्यांसाठी रेझनिक यांनी 1984 मध्ये इंग्रजी आद्याक्षरांचे ‘डायपर्स’ (DIAPPERS) हे स्मरणसूत्र दिले. त्यात एक ‘पी’ मुद्दाम जास्तीचा आहे. भ्रमावस्था, जंतुसंसर्ग, रजोनिवृत्तीनंतरचा योनीदाह, औषधे, मानसिक कारणे, अतिमूत्रता, हालचालींवरील मर्यादा आणि आतड्यात साचून कडक झालेला मळ अशी ती आठ कारणे. शेवटचे घरी सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

उपचारांत ठरावीक वेळी लघवीला नेणे, थोड्या अंतराने दुसऱ्यांदा बसवणे, अवशिष्ट मूत्रावर लक्ष ठेवून अल्प मात्रेत औषध आणि गरजेनुसार दिवसातून काही वेळा नळी घालणे यांचा समावेश होतो. नावाबाबत मात्र एकमत नाही. 2002 च्या आंतरराष्ट्रीय परिभाषेत ‘डिट्रूसर अतिक्रियाशीलता’ हा शब्द रूढ झाल्यावर मूळ नावातील ‘हायपरअ‍ॅक्टिव्हिटी’ मागे पडले, तरी डीएचआयसी ही आद्याक्षरे टिकून आहेत. केवळ लक्षणांवरून बोलताना अलीकडे ‘सहवर्ती अति-अल्पक्रियाशील मूत्राशय’ अशा अर्थाची संज्ञाही वापरतात.