आधी नको, मग हवं: कावासाकी आजारातलं स्टेरॉइड

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीतलं सव्वा वर्षाचं पोरगं सलग पाच दिवस तापानं फणफणत होतं. डोळे लाल, ओठ फुटलेले, जीभ लालबुंद, अंगभर पुरळ. आज्जीनं गोवर समजून दाराला कडुलिंबाचा पाला लावला. मग कळलं, हा कावासाकी. यात रक्तवाहिन्या सुजतात. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची धमनी रुंद दिसली आणि डॉक्टरांनी सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचं नाव काढलं. नात्यातले एक निवृत्त डॉक्टर फोनवर म्हणाले, "या आजारात स्टेरॉइड? छे!" त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. ते शिकले तेव्हा पुस्तकांत हेच होतं.

टोकियोच्या तोमिसाकू कावासाकींनी असं पहिलं मूल 1961 साली पाहिलं. 1967 मध्ये त्यांनी 50 मुलांची माहिती जपानीत छापली. इंग्रजीत ती 1974 साली आली. ताप आपोआप उतरतो, म्हणून आजार साधाच वाटायचा. पण बरी झालेली काही मुलं अचानक दगावली, तेव्हा हृदयाच्या धमन्यांना फुगे आल्याचं दिसलं.

सूज म्हटलं की स्टेरॉइड, हा तेव्हाचा सरळ हिशेब. 1979 साली जपानच्या कातो यांच्या अभ्यासानं तो मोडला. अँटिबायोटिकसोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलेल्या 17 मुलांपैकी 11 जणांच्या धमन्या फुगल्या. झालं, स्टेरॉइडवर फुलीच बसली. गंमत अशी की त्याच अभ्यासात प्रेडनिसोलोनला ॲस्पिरिनची जोड दिलेल्या 7 मुलांपैकी एकालाही फुगा आला नव्हता. आकडा लहान होता हे खरं, पण तिकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

पुढे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांचं औषध, आलं: 1984 साली जपानमधून, 1986 साली अमेरिकेतून त्याचा गुण सिद्ध झाला. उपचाराशिवाय साधारण चारातल्या एका मुलाला फुगे येत. आता ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. डोस किलोमागे 2 ग्रॅम. आमच्या गल्लीतलं पोरगं 10 किलोचं, म्हणजे 20 ग्रॅम, पाच-पाच ग्रॅमच्या चार बाटल्या. हे औषध लोकांच्या रक्तातून काढलेलं. महाग का, ते इथंच कळतं.

तरी काही मुलांचा ताप या औषधानंही हटेना. 2007 साली अमेरिकेत सगळ्यांनाच स्टेरॉइडचा एक मोठा डोस देऊन पाहिला, फरक पडला नाही. 2012 साली जपानी डॉक्टरांनी हे औषध लागू न पडण्याचा धोका जास्त असलेली मुलंच निवडली, इम्युनोग्लोब्युलिनसोबत प्रेडनिसोलोन सुरू केलं आणि हळूहळू उतरवत नेलं. धमन्यांचे दोष 23 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आले. लक्षणं आणि तपासण्यांना गुण देऊन धोका ओळखायची जपानी पद्धत बाहेरच्या देशांत तितकी चालत नाही, म्हणून पहिल्याच इकोत धमनी रुंद दिसते का, याला महत्त्व. कोविडनंतर मुलांना होणाऱ्या तशाच दाहातही 2020 पासून स्टेरॉइड वापरलं गेलं, तेव्हा भीती आणखी ओसरली.

आमच्याकडे मात्र 'स्टेरॉइड' म्हटलं की गुडघेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्या आणि सुजलेली तोंडं आठवतात. आज्जी तेच म्हणत होती. दोन आठवड्यांनी पोराच्या बोटांच्या टोकांची सालं निघाली. या आजारात बऱ्याचदा तसं होतं. इम्युनोग्लोब्युलिन दिल्यामुळं गोवराची पुढची लस 11 महिने लांबवायची होती. डॉक्टरांनी ते कार्डावर कानडीत लिहून दिलं होतं. वाचून घ्यायला बापाला शेजारच्या मास्तरांकडे जावं लागलं.