फ्लॅश कॅमेऱ्यावरनं खाली काढायचाय? मग ट्रिगर कुठला घ्यायचा

लग्नाचा सीझन जवळ आला की दुकानात रोज एकच प्रश्न, "चांगला ट्रिगर कुठला ओ?" ट्रिगर म्हणजे कॅमेऱ्यावर बसवून लांब ठेवलेला फ्लॅश रेडिओ सिग्नलनं उडवायचं यंत्र. आम्ही उलट विचारतो, तुमच्याकडं फ्लॅश कुठला हाय? कॅमेऱ्याचं मॉडेल सगळे पटकन सांगतात, फ्लॅशचं कोण सांगत नाही, आणि निम्मी निवड तिथंच होते बघा.

गोडॉक्सचा टीटी६०० किंवा व्ही८६० मार्क टू असेल तर रेडिओ रिसिव्हर फ्लॅशच्या आतच असतो, फक्त कॅमेऱ्यावरचा ट्रिगर घ्यायचा, तोही आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीचा, बॉक्सवर कॅननला सी, निकॉनला एन, सोनीला एस असं लिहिलेलं असतं. दुसऱ्या कंपनीचा किंवा जुना फ्लॅश असेल तर प्रत्येकाला वेगळा रिसिव्हर लागतो, तो खर्च आधीच धरा.

कॅननचा २००डी मार्क टू आणि ३०००डी वाल्यांनी जरा थांबा. या दोन कॅमेऱ्यांच्या हॉट शूला, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेला, मधली पिनच नाही, त्यामुळं त्या एका पिनवर चालणारा ४३३ मेगाहर्ट्झचा स्वस्त ट्रिगर यावर पेटणारच नाही, कितीही दाबा.

मधली पिन असलेल्यांना तो स्वस्त ट्रिगर चालतो, स्टुडिओत तर झकास चालतो. पण तो फ्लॅश फक्त उडवतो, पॉवर बदलत नाही. मंगल कार्यालयात अक्षता पडायची वेळ, स्टँड पाहुण्यांच्या मागं सात फुटावर, लाईट जास्त झाला म्हणून तिथपर्यंत घुसणार कसे? २.४ गिगाहर्ट्झच्या, ग्रुपवाल्या (फ्लॅशचे ए, बी असे गट करणाऱ्या) ट्रिगरवर हातातल्या हातात ए ग्रुप कमी, बी ग्रुप जास्त करता येतं. लग्नं करणाऱ्यांनी पैसे यासाठी घालावेत असं आमचं मत, टीटीएल (कॅमेरा स्वतःच लाईट मोजून फ्लॅशची पॉवर ठरवतो ते) नंतर.

टीटीएल वाईट नाही, हळदीत किंवा वरातीत माणसं पुढंमागं हलत असतात तिथं कामाला येतं. पण रिसेप्शनच्या स्टेजवर अंतर ठरलेलं असतं, आणि फ्रेममध्ये पांढरे शर्ट-धोतरवाले आले की टीटीएल लाईट कमी टाकतं, काळे सूट आले की जास्त, मग अल्बमला बसल्यावर रडायचं. तिथं मॅन्युअलच ठेवा.

"फ्लॅशला स्लेव्ह मोड हाय की, ट्रिगर कशाला?" असंही विचारतात. स्लेव्ह दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघून उडतो, म्हणजे हॉलमधल्या कोणाच्याही फ्लॅशवर तुमचा उडणार, आणि बाहेर कडक उन्हात त्याला उजेड दिसतच नाही कधीकधी.

प्री-वेडिंगला भर दुपारी राजहंसगडावर जाताय आणि मागचं बॅकग्राउंड ब्लर पाहिजे, तर शटर स्पीड जास्त ठेवावा लागतो, म्हणून एचएसएस (हाय-स्पीड सिंक, जास्त शटर स्पीडलाही फ्लॅश चालतो ते) असलेलाच घ्या. साध्या फ्लॅशला बहुतेक कॅमेऱ्यांवर शटर स्पीड १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या वर गेला की फोटोत काळी पट्टी येते. एचएसएसमध्ये पट्टी जाते पण फ्लॅशचा जोर बराच कमी होतो, म्हणून लाईट जवळ आणा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट मिळतो.

दोन गोष्टी ज्यासाठी लोक विनाकारण ट्रिगर परत घेऊन येतात. एक, हॉलमध्ये दुसरा फोटोग्राफरही त्याच चॅनेलवर असतो नि एकमेकांचे फ्लॅश उडत राहतात. ट्रिगर आणि फ्लॅश दोन्हीवर चॅनेल नि आयडी सारखेच, पण त्याच्यापेक्षा वेगळे ठेवा. दोन, फ्लॅश अगदी हाताजवळ असला की काही ट्रिगर सिग्नल चुकवतात, गोडॉक्सच्या एक्सप्रो नि एक्स२टी मध्ये त्यासाठी ०-३० मीटरचं सेटिंग आहे, ते लावा.

सेल रिचार्जेबलच वापरा, पावसाळ्यात महिनाभर काम नसेल तर काढून ठेवा, आतले पत्रे गंजतात.

घ्यायच्या आधी कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही घेऊन या, काउंटरवरच जोडून बघू. निपाणी, चिकोडी, खानापूरकडनं येणार असाल तर आधी फोन टाका, प्रत्येक कंपनीचा ट्रिगर रोज शिल्लक असतोच असं नाही.