हायड्राच्या तुकड्याला डोक्याची जागा कशी कळते?

गोड्या पाण्यातल्या हायड्रा या इवल्याशा प्राण्याशी गोव्यातल्या मुलांची ओळख होते ती दहावीच्या विज्ञानात, प्रजननाच्या धड्यात. अंगावर मुकुल येतो, वाढतो, सुटतो. तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याचा पुन्हा पूर्ण हायड्रा होतो. दोन आकृत्या, चार ओळी, आणि शिक्षक पुढच्या प्राण्याकडे वळतात. मला वाटते, थांबायला हवे ते नेमके इथेच. शरीराच्या मधल्या तुकड्याला तोंड नसते, बुडाची चकतीही नसते. तरी जे टोक मूळ डोक्याच्या बाजूला होते तिथेच नवे डोके येते, आणि तेही दोन-तीन दिवसांत. कोणते टोक वरचे, हे तुकड्याला कळते कसे?

हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला तो हॉलंडमध्ये. सूक्ष्मदर्शकातून बारीक जीव पाहणारे लेव्हेनहूक यांनी 1702 च्या पत्रात या जिवाचे वर्णन केले होते, पण त्याला कात्री लावली ती अब्राहम ट्रेंब्ली यांनी. हे मूळचे जिनिव्हाचे. हेगजवळ काउंट बेंटिंक यांच्या मुलांना ते शिकवत असत. 1740 मध्ये पाणवनस्पतींवर त्यांना इवलेसे हिरवे जीव दिसले. रंग आणि ठेवण झाडाची, पण हात लागला की आक्रसून घेणारे आणि जागा बदलणारे. वनस्पती की प्राणी, हे ठरवण्यासाठी त्यांनी त्या नोव्हेंबरात एकाचे दोन भाग केले. दोन्ही जगले तर वनस्पती, असा त्यांचा हिशेब होता. दोन्ही जगले, दोन्ही पूर्ण झाले, आणि दोन्ही प्राण्यासारखेच वागत राहिले. डोके उभे चिरले तर एकाच धडावर अनेक डोकी आली. ग्रीक पुराणातल्या बहुमुखी सर्पाचे नाव पुढे लिनियसने या प्रजातीला दिले, त्यामागे हाच गुण आहे.

या प्रयोगाने खळबळ माजली त्याला कारण होते. अंड्यात किंवा बीजात आधीच इवलासा पूर्ण जीव तयार असतो आणि तो फक्त मोठा होतो, असे तेव्हा अनेक विद्वान मानत. इथे अंडेच नव्हते, साधा तुकडा होता. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीला ही बातमी दिली, 1743 मध्ये ट्रेंब्लींना रॉयल सोसायटीचे कोपली पदक मिळाले, आणि 1744 मध्ये त्यांचा ग्रंथ आला. जिवंत नमुने आणि ते सांभाळायची रीत त्यांनी इतरांना मोकळेपणाने पाठवली. म्हणूनच त्यांच्यावर विश्वास ठेवा असे कुणाला सांगावे लागले नाही. ज्याने त्याने स्वतः कापून पाहिले.

यानंतरचे मोठे पाऊल 1909 मधले. ते ज्यांनी टाकले त्यांचे नाव आपल्या वर्गांत ऐकू येत नाही, याचे मला फार वाईट वाटते. एथेल ब्राउन तेव्हा कोलंबिया विद्यापीठात संशोधन करत होत्या. त्यांनी एका हायड्राच्या तोंडाजवळचा बारीकसा भाग दुसऱ्याच्या धडात कलम म्हणून बसवला. काही दिवसांत तिथून शुंडकांसह, म्हणजे तोंडाभोवतीच्या हातांसह, नवे डोके आणि नवे शरीर बाहेर आले. हे सारे कलमाच्या पेशींतूनच वाढले, की कलमाने यजमानाच्या, म्हणजे ज्यात ते बसवले त्या हायड्राच्या, पेशींना कामाला लावले? हे ओळखण्यासाठी त्यांनी अंगातल्या शैवालामुळे हिरवा दिसणारा हायड्रा आणि ते शैवाल काढून टाकलेला पांढरा हायड्रा वापरला. रंगांवरून दिसले की नवे शरीर बव्हंशी यजमानाच्या पेशींचे होते. धडाच्या मधल्या भागाचा तुकडा बसवला तर असे होत नव्हते. म्हणजे तोंडाजवळच्या पेशी शेजाऱ्यांना 'इथे डोके करा' असा आदेश देत होत्या. अशा भागाला संघटक म्हणतात. बेडकांच्या नातलग न्यूटच्या भ्रूणावर हिल्डे मँगोल्ड आणि हान्स स्पेमन यांनी हीच गोष्ट दाखवली ती 1924 मध्ये. मँगोल्ड त्याच वर्षी अपघातात गेल्या, 1935 चे नोबेल स्पेमन यांना मिळाले. ब्राउन यांचा अग्रमान जीवशास्त्रज्ञ हॉवर्ड लेनहॉफ यांनी ठळकपणे मांडला तो 1991 मध्ये. माझ्या मते संघटकाचा धडा ब्राउन यांच्यापासूनच सुरू व्हायला हवा.

आदेश पोचतो कसा, याचे गणित 1972 मध्ये जर्मनीत ट्यूबिंगेनला आल्फ्रेड गीरर आणि हान्स माइनहार्ट यांनी मांडले. एक उत्तेजक द्रव्य स्वतःला वाढवते पण जवळच राहते, त्यातून निर्माण होणारे निरोधक दूरवर पसरते. त्यामुळे एका ठिकाणी डोके ठरते आणि आसपास दुसरे उगवत नाही. त्याच वर्षी गीरर यांच्या गटाने हायड्राच्या सुट्या केलेल्या पेशींचा गोळा करून त्यातून पुन्हा हायड्रा घडवून दाखवला. द्रव्ये कोणती, हे उलगडायला आणखी काळ लागला. 2000 मध्ये डोक्याच्या टोकाला डब्ल्यूएनटी संदेशमार्ग, म्हणजे पेशींची एकमेकींना निरोप देण्याची एक साखळी, सक्रिय असल्याचे दिसले. हा मार्ग माणसाच्या भ्रूणातही शरीराचा अक्ष, म्हणजे कोणते टोक कुठे, हे ठरवण्यात भाग घेतो. 2019 मध्ये एसपी5 हे प्रथिन त्याला आवर घालते असे आढळले.

या इतिहासात आपल्या किनाऱ्याचाही धागा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणचे. सह्याद्रीतल्या नद्यांत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. हा हायड्राचा नातलग. त्याची प्रजाती तोवर फक्त आफ्रिकेत ठाऊक होती. 1911 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी त्याचे नामकरण केले आणि त्याच वर्षी भारतातल्या गोड्या पाण्यातल्या स्पंज व हायड्रांवर ग्रंथही लिहिला. पुण्यातल्या संशोधन संस्थेला 1992 मध्ये आघारकरांचे नाव मिळाले, आणि तिथे सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने हायड्राच्या विकासाचा दीर्घ अभ्यास केला. पुण्याच्या पाण्यातला हायड्रा आज 'हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे' म्हणून प्रयोगशाळांत वाढतो.

गोव्यात शोधायचे तर खाजनाचे खारे पाणी सोडून द्यावे, हायड्राला मीठ सोसत नाही. देवळाची तळी, झऱ्याचे कुंड, पावसाळ्यानंतर स्थिरावलेली डबकी पाहावीत. तिथल्या पाणवनस्पती त्याच पाण्यासह पांढऱ्या बशीत ठेवून बशी तासभर हलवू नये. आक्रसलेले जीव हळूहळू लांब होतात. तोडलेले भाग पाहायला साधे भिंग आणि नवे ब्लेड पुरते. क्लोरीन असलेले नळाचे पाणी मात्र चालत नाही, तांब्याच्या भांड्यातलेही नाही. खाद्य म्हणून मत्स्यालयाच्या दुकानातून आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवाची अंडी आणली तर ती मिठाच्या पाण्यातच फुटतात, म्हणून पिल्ले गोड्या पाण्यात नीट धुऊन मगच हायड्राला द्यावीत.